लाल गाडीचं वेटिंग

पांढुर्ण्यात वीरेंद्रच्या शोरूमसमोर नव्या गाड्यांची एवढी दाटी झाली, की गिऱ्हाईक दारातूनच भाव पाडून मागायचं. वैतागून त्यानं एकच गाडी काचेआड ठेवली अन् बाकीच्या साऱ्या साळ्याच्या हवाली केल्या. "लपव कुठंतरी!" दुसऱ्या दिवसापासून वीरेंद्र ताठ्यात बोलू लागला.

बोरगावचे चिंधूभाऊ आले. त्यांना लाल गाडी पाहिजे होती.

"लाल? तीन महिने वेटिंग हाये, भाऊ. लोकं रांगा लावून राहिले."

"लावू द्या न, मले घाई नाही," चिंधूभाऊ म्हणाले. "तुमच्या साळ्यानं माह्या संत्र्याच्या बगीच्यात गाड्या उभ्या केल्या न, त्यातल्या लाल गाडीखाली आमची कोंबडी अंड्यांवर बसली. पिल्लं निघाले का मंग भावाचं बोलू."