कंडक्टर काय करते?

फेरी संपवून एसटी कंडक्टर सुलभा खाकी गणवेशातच गणपतीच्या मंडपात धावत शिरली. वेशभूषा स्पर्धेत तिच्या लेकीचंच नाव पुकारत होते.

दोन राण्या आणि एका वासुदेवानंतर ईश्वरी स्टेजवर आली. सहा वर्षांच्या पोरीला आईचा जुना खाकी शर्ट पार गुडघ्याखाली येत होता. "टिंग टिंग!" करून ती गप्पच झाली. बाबांनी पाठ करून घेतलेलं भाषण साफ विसरली. तिला धीर यावा म्हणून सुलभाने मागून हात उंचावला.

"बरं, कंडक्टर काय करते, तेवढंच सांग," परीक्षक बाई म्हणाल्या.

ईश्वरीने मूठ कानाला लावली. "फोन करते. 'येतेच हं, तू जेवून घे,' म्हणते. मग मी झोपून जाते."

मंडपात हशा पिकला. सुलभाने हात हळूच खाली घेतला.