पेठेतली चौकशी

चहा निम्मा संपल्यावर हौशीरामने हळूच विषय काढला. "ते हार्डवेअरवाले दत्तोबा, त्यांचं घर कसं हाय?"

चहावाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. पांढरा सदरा, टोपी, काखेत पिशवी, पन्नाशी उलटलेली. कामशेतच्या पेठेत असा माणूस असं विचारू लागला, की त्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"त्यांच्या कैलाससाठी का? लय चांगलं घर. डोळे झाकून द्या."

"पोरगा?"

"सोनं हाय." चहावाल्याने त्याला पुन्हा न्याहाळलं. "तुमाला कुटंतरी बघितल्यावानी वाटतंय."

"पोरीच्या बापाला समद्या गावांत बघितलेलंच असतं," हौशीराम म्हणाला. चहावाला हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हौशीराम सकाळी घोरावाडीहून लोकल धरून कामशेतला आला होता. हल्ली लोक मोबाइलवर बायोडाटा बघतात, फोटो बघतात आणि हॉल बुक करून मोकळे होतात. पण पोटची पोर ज्या घरात जायची त्या घराची खरी खबर गावाच्या तोंडूनच कळते, असं जुनी माणसं मानतात. हौशीरामला एकच माणूस हवा होता. त्या घरात पोरगी सुखाने नांदते का, हे खरं सांगणारा. तो भेटल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच तो निघाला होता.

तो पेठेतून पायी हिंडत राहिला. भाजीवाले, तांदळाची दुकानं, दोरखंड आणि ताडपत्र्या. दत्तोबांचं दुकान आलं तेव्हा तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि मान खाली घालून पुढे सरकला. चौकशी चालू असताना आपलं तोंड दाखवायचं नसतं.

सलूनमध्ये त्याने दाढी करून घेतली. न्हाव्याला गावातलं सगळं ठाऊक असतं आणि सहसा ते त्याच्या पोटात राहत नाही. पण कैलासचं नाव निघालं आणि गालावरचा वस्तरा क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"काय वंगाळ न्हाई," न्हावी म्हणाला. "सोयरीक करायला हरकत न्हाई."

देवळाच्या पारावर एक निवृत्त गुरुजी पेपर वाचत बसले होते. त्यांनी हौशीरामला शेजारी बसवून घेतलं.

"घराणं चांगलं आहे. मुलगा कष्टाळू आहे. थोडा रागीट आहे, पण तरुणपणी कोण नसतं?"

"हात उचलतो का?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "हे बघा, शुभकार्याला आपण कशाला नाट लावायची?"

हौशीराम उठला. त्याला राग आला होता. गुरुजींचा आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दुपार कलली तसा तो उतार उतरून इंद्रायणीच्या काठी आला. तिथे सारजाबाई नावाची वाडीवरची म्हातारी जाळ्यातले मासे सोडवून टोपलीत टाकत होती. तिचा सगळा जन्म या काठावर गेला होता. स्थळाची चौकशी करणारे अशा बायकांना काही विचारत नाहीत. ते पेठेत विचारतात, आपल्यासारख्यांना.

हौशीराम तिच्याजवळ खडकावर बसला आणि सकाळपासूनचा तोच प्रश्न त्याने तिलाही विचारला.

सारजाबाईचे हात थांबले. "पोर द्यायची म्हनता?"

"द्यावी का, तुमी सांगा मावशी."

"नका देऊ, भाऊ. पाया पडते तुमच्या." तिने आवाज खाली आणला. "लगीन व्हायच्या आधीपास्नं त्यो आईला मारायचा. समद्या पेठेला ठावं हाय. मंग बायकोला मारायला लागला. लगीन झाल्यावर चौथ्या महिन्यात पोर त्या तितल्या डोहात गेली. मी आन् माज्या लखननं वर काढली. हातातल्या हिरव्या बांगड्या बी फुटल्या नव्हत्या. पाय घसरला म्हनून लिवलं पोलिसांनी."

"तुमी कुनाला बोलला न्हाई?"

"आमाला कोन इचारतंय? तुमीच पैले."

हौशीरामने डोहाकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

सारजाबाईला त्याची कीव आली. "रडू नका, भाऊ. येळेवर आलात. वाचली म्हना तुमची पोर."

"उशीर झाला, मावशी," तो म्हणाला. "तीन वर्सांमागं बी मी असाच दिवसभर पेठेत इचारत हिंडलो. चहावाल्याला, न्हाव्याला, गुरुजींना. तवा नदीपर्यंत आलोच न्हाई."

त्याने तिच्यापुढे हात जोडले.

"तुमी काढलीत ती माझी लेक."