पितळी गोळी

लंडनच्या इल्फर्डमधल्या त्या इमारतीचा जिना धावत चढताना सशस्त्र पोलीस वरदाच्या मांडीला खिशातलं काहीतरी टोचलं. तिने काढून पाहिलं. चंदेरी गोळी.

माणूस मारायच्या मालातही हलकं-भारी असतंच. सरावाची गोळी स्वस्त, पितळी. ती माणसाच्या आरपार जाते. ड्यूटीची महाग, चंदेरी. ती अंगात शिरली की पसरते आणि तिथेच थांबते, मागचा वाचतो. सकाळी सराव संपवून, गप्पा मारत मारत वरदाने ड्यूटीच्या गोळ्या भरल्या होत्या. मोजून भरलेल्या त्या गोळ्यांतली एक खिशात राहिली, म्हणजे तिच्या जागी सरावातली एक पितळी गेली होती. पिस्तुलात, की कमरेच्या जादा मॅगझिनमध्ये? कळायला मार्ग नव्हता.

वरून किंकाळी आली. दारात पंचविशीतला मुलगा, हातात भाजीची सुरी. त्याच्या पाठीला चिकटून, शर्ट घट्ट धरून त्याची आई. वरदाचा ड्यूटीवरचा जोडीदार कबीर तिच्या मागे अरुंद जिन्यात अडकला होता. त्याला धड दिसतही नव्हतं.

“ड्रॉप द नाइफ!” वरदाने पिस्तूल रोखलं.

“मारू नका हो त्याला! आजारी आहे तो,” बाई रडत मराठीतच ओरडली.

“काकू, बाजूला व्हा. प्लीज!”

“मी नाही हलणार.”

मुलगा एक पायरी उतरला. मग आणखी एक. आई मागोमाग. आता गोळी झाडायलाच हवी होती, तसंच शिकवलं होतं. पण पितळी निघाली तर काकूही जाणार. वरदा जन्मात एवढी घाबरली नव्हती. ती एक पायरी मागे सरली.

“नाव काय रे तुझं?”

तो थांबला. “अनय.”

“अनय, मलापण खूप भीती वाटतेय. बसूया का आपण दोघं?”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग मटकन पायरीवर बसला. सुरी खडखडत खाली गेली.

ठाण्यावर गोळ्या काढून ठेवताना कबीर हसला. “पिस्तुलातल्या सगळ्या चंदेरी. पितळीवाली स्पेअरमध्ये होती. उगाच घाबरलीस, यार.”

“म्हणजे मी झाडली असती, तर काकूंना काही झालं नसतं?”

“नथिंग. बिनधास्त झाडायचीस.”

“मग अनय आज मेला असता,” म्हणत वरदाने ती पितळी गोळी मुठीत घट्ट धरली.