शेवटून पाणी

विटा गळ्याशी आल्या आणि गोकुळाच्या हातातला खेळ टीं टीं करून थांबला.

ब्रिक गेम रोशनचा होता. मार्कंड्याच्या जत्रेतून हट्टाने आणलेला, पिवळ्या रंगाचा. तो आयटीआय शिकायला गडचिरोलीला गेला आणि खेळ घरीच राहिला. लेकाच्या मागे ओसरी फार गप्प वाटायची, म्हणून कामं उरकली की गोकुळा तो हातात घ्यायची. सेल संपले की उन्हात ठेवायची, मग तो अजून थोडा चालायचा. वरून एकेक वीट पडायची, ती फिरवून नीट बसवायची. ओळ पुरी भरली की नाहीशी व्हायची आणि वर जागा मोकळी व्हायची. एक घर रिकामं राहिलं तर मात्र सारी ओळ तिथेच अडून बसायची. गोकुळाचा डाव नेहमी असाच जायचा. उजवीकडे सुरेख रचायची, डावीकडे तळात भोक राहायचं, आणि ‘मग बघू’ म्हणत ती वरवर रचत जायची.

"बाई, पाट फुटला!" शेजारच्या वावराचा श्रावण अंगणातूनच ओरडला. "पुन्हा त्याच वळणावर. रातभर पाणी नाल्यात वाहून गेलं."

मूल या तालुक्याच्या गावापलीकडचं गोकुळाचं गाव तलावावर जगायचं. तलावाचं दार उघडायचा-लावायचा मान गोकुळाच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. तिचे यजमान गुणवंतराव चार माणसांत तोंड उघडत नसत, म्हणून तलाव कमिटीत ती बसायची. त्या साली पाऊस भादव्यातच पाठ फिरवून गेला होता आणि धान ऐन निसवायला आलं होतं. पाटाचं पाणी रिवाजाप्रमाणे वरून खाली जायचं. पहिली बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर, गोकुळाची, मग श्रावणची, मग बाकीच्यांची. पुढचं पाणी मिळेल न मिळेल, या धास्तीने जो तो आपली बांधी काठोकाठ भरून घ्यायचा. शेवटची बांधी कमळाची. तिथवर पाणी पोचायच्या आत तलावाचं दार बंद झालेलं असायचं.

कमळा गोकुळाची धाकटी जाऊ. वाटणीत शेवटचं वावर पदरी आलं, तेव्हापासून तिने बोलणं टाकलं होतं. तिचा नवरा धनराज तापाने गेला, तेव्हासुद्धा दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या नाहीत.

पाणी कमी पडलं की दर वर्षी पाट फुटायचा. थोडं पाणी कमळाच्या बांधीत उतरायचं, बाकीचं नाला घेऊन जायचा. मग वरचे लोक आणखी धास्तावायचे, आणखी भरून घ्यायचे. राखणीला गुणवंतराव स्वतः जात, तरी चोर काही सापडत नव्हता. गाव बोट दाखवायचं ते कमळाकडे.

गोकुळा तलावाच्या पाळीवर पोचली तेव्हा माणसं जमली होती. कमळा लांब, एकटी उभी होती. श्रावण तावातावाने म्हणाला, "तिचं पाणीच बंद करा, बाई. कायमचं."

गोकुळा पाटाकडे बघत राहिली. वरच्या बांध्या हिरव्यागार होत्या. सगळ्यात खाली एक पिवळा तुकडा होता. तळातलं भोक. ते उघडं ठेवून आपण वर्षानुवर्षं वरवर रचत आलो. पाट कोण फोडतं ते कळलं काय, न कळलं काय, ते भोक आहे तोवर पाट फुटणारच. खेळाचं नाव तिने काढलं नाही. लोक हसले असते.

"यंदा पाणी शेवटून देऊ," ती म्हणाली. "पहिले कमळाच्या बांधीत. मंग एकेक करत वर येऊ. आमचं सगळ्यात शेवटी."

"धान निसवून राह्यलं, बाई! तुमच्यापर्यंत पाणी उरंल तरी का?"

"नाई उरलं तं माझं वाळंल. तुझं तं भिजंल?"

श्रावणनेच फावडं उचललं आणि पाट बुजवायला उतरला.

त्या रात्री गोकुळाचा डोळा लागला नाही. आपल्या हाताने आपलं धान मारलं, असंच तिला वाटत राहिलं. पण पाणी कमळाच्या बांधीत शिरलं आणि पाट फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपली पाळी येणार, हे दिसल्यावर कोणी बांधी काठोकाठ भरेना. भिजण्यापुरतं घेऊन लोक दुसऱ्याला वाट द्यायला लागले. नाल्यात थेंब गेला नाही. गोकुळाच्या बांधीला पाणी लागलं तेव्हा तलावात अजून नुसती ओल नव्हे, चांगलं पाणी होतं.

मळणीच्या दिवसांत एका संध्याकाळी कमळा खळ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. "बाई," ती म्हणाली, "यंदा पोरायपुरतं पिकलं." गोकुळाने तिच्याकडे दुसरं सूप सरकवलं. अंधार पडेपर्यंत दोघी धान पाखडत बसल्या.

ती गेल्यावर गोकुळा नवऱ्याला म्हणाली, "इतकी सालं तुमी राखण केली, तरी पाट फुटे. शेवटून पाणी देल्यापासून राखणच नाई, अन् एकदाबी फुटला नाई. नवलच हाय."

गुणवंतरावांनी धानाच्या राशीवर हात फिरवला.

"फुटत नव्हता वं. मी फोडत होतो," ते म्हणाले. "धनराजचं धान वाळताना पाहवत नव्हतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"कसं सांगू?" गुणवंतराव म्हणाले. "सगळ्यात पहिले पाणी अडवणारे आपणच होतो नं."