अंबूनं भरलेला रांजण

कोरड्या दिवसाची फेरी नरसय्याच्या दाराशी आली की जरा हळू व्हायची आणि तशीच पुढे सरकायची. महापालिकेची नर्स, बचत गटातल्या बायका, तालमीतली पोरं, सगळे मिळून दर रविवारी, डास होऊ नयेत म्हणून, गल्लीतलं साठवलेलं पाणी ओतायला लावत. नरसय्यानं मात्र बायको वारल्यानंतरच्या पहिल्या खेपेलाच हात जोडले होते. त्याच्या रांजणातलं पाणी तिनं, अंबूनं, ती गेली त्याच्या आदल्या दिवशी भरलेलं होतं. ही फेरीसुद्धा तिनंच सुरू केली होती.

आज सकाळी शेजारच्या पोरीला डेंग्यू झाल्याचं कळलं. फेरीत अंबू जिच्या उजेडात लोकांचे रांजण तपासायची, ती बॅटरी नरसय्यानं खुंटीवरून काढली, रांजणावरचं फुटकं झाकण सरकवलं आणि आत उजेड पाडला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

बराच वेळ तो काठावर हात टेकून उभा राहिला. मग रांजण ओढत अंगणात नेला, कलंडवला आणि सगळं पाणी मातीत जिरेपर्यंत बघत बसला.

"नुसतं ओतून भागत नाही," अंबू दारोदार सांगायची, "अंडी आतून चिकटून बसतात. घासायला लागतं." त्यानं काथ्या घेतला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि जिथं जिथं तिचा हात लागला असेल, तिथं तिथं घासत राहिला.

फेरी आली. अंबूची मैत्रीण शमीमभाभी नेहमीसारखी नजर चुकवून पुढे निघाली.

"भाभी," त्यानं हाक मारली आणि बॅटरी पुढे केली. "नीट घासलंय का, तेवढं बघा. तिला आता दाखवता येणार नाही मला."