फाइलचं नाव

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या वाचनालयात मी म्हाताऱ्यांना वेबपेज बनवायला शिकवते. ग्लेनिसने तिच्या पेजच्या फाइलला नाव दिलं, 'नवीन-१'.

"असं कोण शोधणार, ग्लेनिस? लोक सर्चमध्ये जे टाइप करतात तेच शब्द दे, मध्ये आडव्या रेघा."

"सासू शोभतेस," म्हणत तिने एकेक अक्षर दाबलं: मटणाची-तंगडी-किती-वेळ-भाजायची.

"छान. आता खाली रेसिपी टाक."

"रेसिपी नाही गं. बापाशी भांडून घर सोडलं, तरी माझा मुलगा ब्रॉडी दर रविवारी फोन करून मला एवढंच विचारायचा. दोन वर्षं झाली, त्याचा नंबर लागत नाही. कुठेतरी भाजत असेलच. अडलं की शोधेल."

"मग पेजवर काय लिहायचं?"

ती सरळ टाइप करत गेली.

"दोन तास, ब्रॉडी. बाबा मार्चमध्ये गेले. आता घरी ये."