तिसऱ्या मजल्याची परीक्षा

"तुमच्या चपला फ्रीजमध्ये सापडल्या," व्यवस्थापक म्हणाला.

"सापडल्या ना? मग झालं तर," एक्स्चेंजबाई म्हणाल्या. "हरवल्या असत्या तर तक्रार मी केली असती."

व्यवस्थापकानं हसू दाबलं. बाईंच्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा मात्र हसला नाही.

ज्येष्ठांच्या त्या निवासात सगळे त्यांना एक्स्चेंजबाईच म्हणत. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ. रोज सकाळी खालच्या हॉलमध्ये मेंदूच्या व्यायामाचा वर्ग भरे. शब्दकोडी, पत्ते, उलटे आकडे म्हणणं. त्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोडं अडलं की शिकवणारी मुलगीसुद्धा चोरून त्यांच्याकडेच बघायची.

आणि हीच बाई महिनाभरापासून घसरत चालली होती. एकाच दुपारी दोनदा जेवायला आली. वर्गातल्या मुलीला सुनेच्या नावानं हाक मारून तिच्यावर डाफरली. आता या चपला.

"एकटेपणानं होतं असं," व्यवस्थापक मुलाला हळूच म्हणाला, जणू बाई तिथं नव्हत्याच. "जोडी फुटली की माणूस खचतं."

यजमान वर गेले त्याला चार महिने झाले होते. त्यांची खाट बाईंनी खोलीतून हलवू दिली नव्हती. सकाळी उठून आपल्या खाटेबरोबर त्या खाटेवरचीही चादर झटकत.

"सोमवारी डॉक्टर चाचणी घेतील," व्यवस्थापक म्हणाला. "तीसपैकी अठराच्या खाली गुण आले तर नाइलाज आहे. तिसरा मजला."

मुलाचा चेहरा उतरला. तिसऱ्या मजल्याचं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नसे. निवासातल्या इतरांना तिथं मज्जाव. घरच्या माणसांना रविवारी अर्धा तास, तोही काचेच्या खोलीत, घड्याळ लावून.

बाहेर आल्याबरोबर मुलगा म्हणाला, "आई, माझ्या घरी चल. नाहीतर कंबर कसून तयारीला लाग. बाबांचं झालं तेवढं पुरे आहे मला."

"तुझ्या घरी तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. मी काय भिंतींशी गप्पा मारू?"

"मग काय, त्या कुलपात जाऊन बसणार?"

"मी कुठं राहायचं ते कुणाच्या कागदावर ठरणार नाही," बाई म्हणाल्या. "मी ठरवणार. आणि रडवेलं तोंड करू नकोस, लहानपणीही तुला ते शोभत नव्हतं."

शेजारच्या खोलीत एक निवृत्त नर्स राहायची. सगळे तिला सिस्टर म्हणत. असल्या चाचण्या तिनं इस्पितळात शेकड्यांनी घेतल्या होत्या. बाई वही-पेन्सिल घेऊन थेट तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"मला तयार कर."

"अगं, पाठ करून पास व्हायची ही परीक्षा नाही."

"लोक चुकतात कुठं, तेवढं सांग."

त्या दिवसापासून रोज दुपारी दोघी खिडकीशी बसू लागल्या. बाकीच्यांची डुलकी व्हायची, इथं पेन्सिल चालायची.

"घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात," सिस्टर म्हणाली. "बरेच जण मोठा काटा सरळ दहावर नेऊन ठेवतात. आणि आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहितात, दुसरी बाजू रिकामी."

"पाच शब्द लक्षात ठेवायचे असतात, तिथं?"

"दोन-तीन येतात. एखादा भलताच घुसतो."

"शंभरातून सात वजा करत जायचं?"

"पहिली वजाबाकी जमते. दुसरीला गाडी रुळावरून उतरते."

बाई सगळं टिपून घेत होत्या. सिस्टर वैतागली. "चुकांचंच काय घेऊन बसलीस? बरोबर कसं करायचं तेही विचार की."

"आधी खड्डे बघून ठेवते."

सिस्टरनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग एक कोरं वर्तुळ काढून वही पुढं सरकवली.

सोमवारी बाई कडक इस्त्रीची साडी नेसून गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाजानं मऊ.

"आज वार कोणता, आजी?"

"सोमवार."

"वर्ष?"

बाई थांबल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. सांगितलं ते नऊ वर्षांपूर्वीचं होतं. पाच शब्दांतले दोन आठवले. त्र्याण्णवनंतर गाडी अडली. घड्याळाचे आकडे उजव्या बाजूला गर्दी करून बसले आणि मोठा काटा दहावर जाऊन थांबला. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

चौदा गुण.

"डॉक्टर, एकदा पुन्हा घेऊ या," तो काकुळतीनं म्हणाला. "तिची झोप झाली नसेल."

"दिली ती दिली," बाई ताडकन उठल्या. "सही कुठं करायची?"

सही मात्र झोकात आली.

दुपारी चहाच्या वेळेला त्यांचं सामान हललं. मुलगा दाराशी उभा राहून डोळे पुसत होता. बाईंनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली, आधाराला पुढं झालेला परिचारिकेचा हात बाजूला सारला आणि आत पाऊल टाकलं. मागं दार बंद झालं.

"घाबरू नका हं, आजी."

"घाबरतंय कोण?"

लांबलचक व्हरांडा होता. टोकाला खिडकीपाशी एक उंच म्हातारा बसला होता, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. बाई तरातरा चालत गेल्या, शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक गुंडी सोडून नीट लावू लागल्या.

"आपण कोण?" म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं.

"तुमची बायको," बाई त्याच्या कानाशी लागून म्हणाल्या. "आणि हळू बोला. मला सगळं आठवतंय, हे इथं कुणाला कळता कामा नये."